पिंपरीच्या नावाचा जीवाणू



आपल्या गावाच्या नावाचा एक जीवाणू आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तो मातीत राहतो. त्याने तयार केलेल्या द्रव्यातून बुरशीच्या आजारांवरचं एक औषध निघालं. हे काम १९६०च्या आसपास इथेच, पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत झालं. संशोधनाची धुरा एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन. आपण ‘एचए कॉलनी’, ‘एचए ग्राउंड’ म्हणतो त्यातली एच आणि ए ही दोन अक्षरं या नावाच्या सुरुवातीला आहेत. याच जीवाणूपासून त्या सुमारास आणखी एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याचं नाव पिंप्रिनीन. पिकांवरच्या बुरशीसाठी नवी औषधं शोधणारे रसायनशास्त्रज्ञ आजही पिंप्रिनीनच्या रेणूत फेरफार करून पाहतात. दूर चीनमधल्या प्रयोगशाळांतून निघणाऱ्या शोधनिबंधांच्या शीर्षकांत आपल्या गावाचं नाव छापलं जातं, आणि इथल्या शाळेतल्या मुलांना त्याचा पत्ता नसतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना शब्दाचं मूळ विचारल्याशिवाय चैन पडत नसे. म्हणून आजचा विषय औषधांच्या आणि आजारांच्या नावांचा घेतला. माझा सगळा जन्म औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात आणि त्याआधी काही काळ औषधाच्या दुकानात उभं राहण्यात गेला. वर्गात मी या नावांची व्युत्पत्ती सांगत असे आणि मुलं ती परीक्षेपुरती पाठ करत. दुकानात मात्र दिसायचं की नावाचा अर्थ ठाऊक नसला की माणसाचं नुकसान होतं, पैशाचंही आणि शरीराचंही. औषध कुठून आलं हे नावात बहुतेक वेळा सापडतं. ते कशाविरुद्ध आहे, हे नावावरून कळेलच असं नाही. लोक मात्र नेमकं हे दुसरं धरून चालतात.

पिंपरी-चाकणच्या या पट्ट्याची ओळख आज मोटारींची आहे. पण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली आलं, त्याच्या आठ वर्षं आधी, १९५४ साली, भारत सरकारने पिंपरीच्या माळावर औषधनिर्मितीतली आपली पहिली कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. परदेशातून येणाऱ्या महागड्या कुप्यांवर अवलंबून असलेल्या देशाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना आज करणं अवघड आहे. पुढे कंपनीने फार कठीण दिवस पाहिले, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पेनिसिलिन हा शब्द मला विशेष आवडतो, कारण त्यात डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे. शिळ्या भाकरीवर किंवा लिंबाच्या सालीवर निळसर हिरवी बुरशी धरते, तिचा कण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एक पारदर्शक तंतू सरळ वर जातो, टोकाशी त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा बारीक फाटे, आणि प्रत्येकाच्या टोकावर बीजाणूंची माळ. हुबेहूब चित्रकाराचा कुंचला. लॅटिनमध्ये बारीक कुंचल्याला ‘पेनिसिलस’ म्हणत, म्हणून या बुरशीचं नाव पेनिसिलियम. आपल्या कंपासपेटीतली पेन्सिलही त्याच घरातली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली या बुरशीचा प्रताप पाहिला, तेव्हा ते आधी नुसतं ‘बुरशीचा रस’ असंच म्हणत होते. १९२९ साली त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिलं.

‘अँटिबायोटिक’ हा शब्द त्यानंतरचा. ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध, ‘बायोस’ म्हणजे जीवन, दोन्ही ग्रीक. एका जीवाने दुसऱ्याच्या जिवावर उठावं, अशा अर्थाने पॉल व्हुइमँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा मूळ शब्द वापरला होता. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांनी त्याला आजचा नेमका अर्थ दिला: एका सूक्ष्मजीवाने तयार केलेलं, दुसऱ्या सूक्ष्मजीवाची वाढ रोखणारं किंवा त्याला मारणारं द्रव्य. मराठीत आपण प्रतिजैविक म्हणतो, आणि तो शब्द चांगला बसला आहे. वॅक्समन यांची व्याख्या काटेकोरपणे लावली तर सल्फाच्या गोळ्या किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन अँटिबायोटिक ठरत नाहीत, कारण ती प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवलेली आहेत, कुणा जीवाने दिलेली नाहीत. व्यवहारात हा भेद आता कुणी पाळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

अडतं ते ‘मायसिन’पाशी. ग्रीक ‘मायकीस’ म्हणजे बुरशी. स्ट्रेप्टोमायसिस या कुळातले जीव तंतूंसारखे वाढतात, पीळ घालतात, म्हणून पिळदार बुरशी अशा अर्थाचं नाव त्यांना मिळालं. प्रत्यक्षात ते बुरशी नाहीत, जीवाणू आहेत. १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ यांनी वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अशाच एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं, क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध. तेव्हापासून या जातीच्या औषधांना ‘मायसिन’ हे शेपूट लागत आलं. म्हणजे हे शेपूट औषध कुणी तयार केलं ते सांगतं, औषध कुणाला मारतं ते सांगत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूंना मारतं. आपलं हॅमायसिन बुरशीला मारतं, जीवाणूंना नाही. आडनाव एकच, काम वेगळं. इंग्रजीत जेंटामायसिनची अक्षरं थोडी निराळी लिहितात, कारण ते मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्याच कुळातून आलं. देवनागरीत तो फरकही पुसला जातो.

गावाचं, माणसाचं नाव औषधाला देण्याची रीत पिंपरीनेच पाळली असं नाही. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी १९५० साली बुरशीवरचं निस्टॅटिन जगापुढे आणलं. त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यात होत्या, त्या राज्याची आद्याक्षरं या नावात आहेत. बॅसिट्रॅसिनमध्ये ट्रेसी नावाची एक लहान मुलगी आहे. तिच्या पायाच्या जखमेतून घेतलेल्या नमुन्यात तो उपयुक्त जीवाणू सापडला होता. क्षयाच्या रोग्याची लघवी ज्याने लालसर होते त्या रिफॅम्पिसिनचं मूळ नाव ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून आलं. इटलीतल्या शास्त्रज्ञांमध्ये तेव्हा तो फार लोकप्रिय होता. या नावांमुळे औषधांमागची माणसं दिसतात, म्हणून ती मला प्रिय आहेत. पण यांतलं एकही नाव रोग्याला सांगत नाही की आपल्याला नेमकं काय झालं असताना हे घ्यायचं.

आता दुकानात या. संध्याकाळची वेळ. पहिली पाळी सुटून झोप काढून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. लातूरकडचा असेल, नाहीतर यवतमाळचा. म्हाळुंग्याला किंवा निघोज्याला खोली करून चार-पाच जणांत राहणारा, कंत्राटी. खिशातून तो कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा काढतो. त्यात एक गोळी उरलेली, नाव अर्धंच राहिलेलं, मुदतीची तारीख कापताना गेलेली. ‘दादा, याच्या तीन द्या. अंग मोडून आलंय, घसा धरलाय, कसकस आहे. उद्या खाडा परवडायचा नाही.’ उरलेल्या अक्षरांवरून गोळी ओळखू येते: अझिथ्रोमायसिन ५००. मागच्या पावसाळ्यात कुणाला तरी दिली होती, त्यातली उरली.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. एका खाड्याने त्याचा महिना कोलमडतो. पण त्याच्या हातातल्या शब्दाची फोड करून पाहू. ‘अझ’ हे नायट्रोजनच्या ‘अझोट’ या जुन्या नावातून आलं. लाव्हाझिए यांनी ते दिलं होतं. त्या वायूत प्राणी जगत नाहीत म्हणून ‘निर्जीव’ अशा अर्थाचं. पुढचा भाग एरिथ्रोमायसिनचा. ‘एरिथ्रोस’ म्हणजे लाल. ज्या जीवाणूपासून ते निघालं त्याच्या नावातला हा लाल रंग. तो जीवाणू फिलिपिन्समधल्या इलोइलो भागातल्या मातीत सापडला होता. एरिथ्रोमायसिनच्या रेणूत नायट्रोजनचा एक अणू बसवून अझिथ्रोमायसिन तयार केलं ते झाग्रेबमधल्या शास्त्रज्ञांनी, १९८० साली. इतका प्रवास त्या एका शब्दात आहे. ताप मात्र त्यात कुठेच नाही, घसाही नाही, अंगदुखीही नाही. हे औषध काही ठरावीक जीवाणूंविरुद्ध काम करतं, आणि त्या मुलाला बहुधा विषाणूचा सर्दीताप झालेला आहे.

विषाणू हा शब्द मराठीने फार नेमका घडवला. लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विषच. संस्कृत ‘विष’ आणि लॅटिन ‘व्हायरस’ एकाच जुन्या मुळातून फुटलेले आहेत. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया. त्याचं ग्रीक मूळ ‘बारीक काठी’ असं आहे, कारण पहिल्यांदा नीट पाहिलेले काही जीवाणू काठीसारखे होते. तिसरी बुरशी. हे तीन वेगळे शत्रू आहेत, आणि त्यांच्यावरची औषधंही वेगळी. आपल्या बोलण्यात मात्र तिन्ही मिळून एकच ‘इन्फेक्शन’ होतं आणि त्यावर एकच ‘पावरवाली गोळी’. ‘व्हायरल आहे’ हे डॉक्टरांचं वाक्य ऐकूनही माणूस विचारतो, मग अँटिबायोटिक कुठली? या प्रश्नात सगळा घोटाळा आहे, आणि तो शब्दांचा घोटाळा आहे. ‘व्हायरल’चा अर्थच हा की अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही.

दुसरं उदाहरण खास या पट्ट्यातलं आहे. प्रेस शॉपमध्ये पत्र्याची धार लागते, ग्राइंडिंगची किनार बोटात जाते. सुपरवायझर पहिलं वाक्य म्हणतो, ‘टीटी मारून घे.’ भोसरीपासून चाकणपर्यंत हा शब्द माहीत नसलेला कामगार सापडायचा नाही. टीटी म्हणजे काय असं विचारलं तर मात्र उत्तरं येतात: जखम पिकू नये म्हणून, रक्तात गंज जाऊ नये म्हणून, सेप्टिक होऊ नये म्हणून. यांतलं एकही खरं नाही.

टीटीतला पहिला टी टिटॅनसचा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ताणलेला, आवळलेला. मराठीत या आजाराला धनुर्वात म्हणतात, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत धनुःस्तंभ आहे. रोग्याचा जबडा बसतो, मग पाठीचे स्नायू इतके आखडतात की डोकं आणि टाचा टेकून मधलं शरीर कमानीसारखं उचललं जातं. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला नाव समजावून सांगावं लागत नाही. दुसरा टी टॉक्सॉइडचा. त्यातलं ‘टॉक्सिन’ म्हणजे जीवाणूने तयार केलेलं विष. आणि हा शब्द ग्रीक ‘टॉक्सॉन’वरून आला, ज्याचा अर्थ धनुष्य. बाणाला लावायच्या विषाला ते लोक धनुष्याचं औषध म्हणत, पुढे धनुष्य गळालं आणि विष उरलं. मराठीत आजाराच्या नावात धनुष्य आहे ते रोग्याच्या शरीराच्या आकारावरून, ग्रीकमध्ये विषाच्या नावात धनुष्य आहे ते शिकाऱ्याच्या हातावरून. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

हे विष तयार करणाऱ्या जीवाणूचं नाव क्लॉस्ट्रिडियम टिटॅनी. ‘क्लॉस्टर’ म्हणजे चाती, सूत कातायची. लेथवर काम करणाऱ्यांनी त्याला स्पिंडल म्हणावं. याचे बीजाणू माती, शेण, धूळ यांत असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. गंजाशी त्यांचा थेट संबंध नाही. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो आणि खोल घुसतो, आणि खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत हा जीवाणू वाढतो, एवढंच. चकचकीत नव्या पत्र्याने झालेल्या, पण शेणामातीने माखलेल्या जखमेतूनही धनुर्वात होऊ शकतो.

आता ‘टॉक्सॉइड’. शेवटचा ‘ऑइड’ म्हणजे ‘सारखा दिसणारा’. विषासारखं, पण विषारीपणा काढून टाकलेलं. ते टोचलं की शरीर स्वतः त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला शिकतं. शिकायला वेळ लागतो. म्हणून ज्याने आयुष्यात कधीच ही लस घेतलेली नाही, त्याला आजच्या खोल जखमेसाठी आजचं एकटं इंजेक्शन पुरत नाही, त्याला तयार प्रतिपिंडं वेगळी द्यावी लागतात. उलट ज्याचे सगळे डोस झाले आहेत आणि शेवटचा अलीकडचाच आहे, त्याला दर ओरखड्याला टोचून घ्यायची गरज नसते. सर्वसाधारणपणे स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षं आणि मळलेल्या जखमेला पाच वर्षं हा हिशेब डॉक्टर धरतात. पण त्यासाठी शेवटचा डोस कधी झाला हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. कंत्राट बदललं, कंपनी बदलली, की ती नोंद मागेच राहते, आणि नवी जखम झाली की हिशेब पुन्हा शून्यापासून. आता सरकारी लसीकरणात नुसत्या टीटीच्या जागी टीडी आलं आहे, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही संरक्षण. लोकांच्या तोंडी मात्र टीटीच राहील, आणि राहिलं तरी हरकत नाही.

मघाशी तयार प्रतिपिंडं म्हटलं, त्यांचं जुनं नाव अँटिटॉक्सिन. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताला तोंड देऊन तयार झालेल्या प्राण्याच्या रक्तातली निवळ दुसऱ्या प्राण्याला दिली तर तोही वाचतो. त्या निवळीला सीरम म्हणतात, आणि लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दह्यावर सुटणारं पाणी. रक्त गोठून खाली बसलं की वर जे पिवळसर पाणी राहतं, त्याला याहून साधं नाव कुणी काय देणार! पुढे यासाठी घोडे वापरले जाऊ लागले. इथे पुन्हा पिंपरी येते. मुंबईच्या हाफकिनचा एक विभाग पिंपरीत आहे, तिथे घोडे पाळून प्रतिविषं तयार केली जात आली आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे जे इंजेक्शन देतात ते असंच घोड्यांच्या रक्तातून येतं. खेड तालुक्यात रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणजे बुरशीपासूनचं पेनिसिलिन, मातीतल्या जीवाणूपासूनचं हॅमायसिन आणि घोड्यापासूनचं प्रतिविष, तिन्हींचा पिंपरीशी संबंध. तिन्ही ‘अँटि’ या एका उपसर्गाखाली मोडतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींविरुद्ध आहेत.

लसीच्या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘व्हॅक्सिन’मध्ये गाय आहे, लॅटिन ‘व्हाका’. जेनर यांनी गाईच्या देवीपासून माणसाच्या देवीवर लस काढली, आणि १८८१ साली पाश्चर यांनी जेनर यांच्या सन्मानार्थ हेच नाव सगळ्या लसींना द्यावं असं सुचवलं. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. आपल्या आजीच्या पिढीने त्याला ‘देवी काढणं’ म्हटलं आणि दंडावरचा वण जपला. त्या शब्दात निदान कोणत्या रोगासाठी टोचलं ते स्पष्ट होतं.

आज पट्टीवरही बरंच छापलेलं असतं, फक्त कुणी वाचून दाखवत नाही. अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी खूण. तिच्याजवळ ‘आरएक्स’ असतं, ते लॅटिन ‘रेसिपे’चं आखूड रूप: ‘घे’. हा वैद्याने औषध देणाऱ्याला केलेला हुकूम आहे, रोग्याने दुकानदाराला करायचा नव्हे. १ मार्च २०१४ पासून काही निवडक औषधांसाठी एच-१ ही वेगळी अनुसूची लागू आहे. त्यांची विक्री वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते, क्षयाची औषधंही त्या अनुसूचीत आहेत. फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं की अपुरं पेनिसिलिन घेतलं तर जंतू मरणार नाहीत, ते त्याला तोंड द्यायला शिकतील. तसंच झालं. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या गावात देशाचं पेनिसिलिन तयार झालं, त्या गावात कापलेल्या पट्टीचा तुकडा हातोहात फिरावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे बोलण्यासाठीच मी आज आलो आहे.

म्हणून एक साधं काम सुचवतो. १९४८च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि पाचशेंहून अधिक कामगार असतील तिथे उपचारखोली ठेवण्याची पद्धत घालून दिली. त्या प्रत्येक पेटीच्या वर एक फलक लावावा. त्यावर चार ओळी पुरेत: टीटी किंवा टीडी धनुर्वाताविरुद्ध आहे, जखम पिकू नये म्हणून नाही, जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा, उरलेली अँटिबायोटिक दुसऱ्याला देऊ नका. फलकाखाली एक वही, तिच्यात नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख, आणि काम सोडताना त्या पानाची प्रत कामगाराच्या हातात. मजकूर मी मराठीत आणि हिंदीत लिहून आणला आहे. ओडिया आणि बंगाली जाणणारं कुणी सभागृहात असेल तर व्याख्यानानंतर मला भेटावं, त्या दोन भाषांतला मजकूर आपण आजच बसून तयार करू.